थेरपी लावताय? मग जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारलंय की तू कुठे जातोस रे, आणि तिथे नक्की करतात काय. प्रत्येकाला तेच तेच सांगून झाल्यावर म्हटलं आता लिहूनच काढावं. मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही. मूळचा कराडचा, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि दोन-अडीच वर्षं थेरपी घेतलीय, एवढंच माझं क्वालिफिकेशन. त्यामुळे हे सगळं पेशंटच्या खुर्चीत बसून लिहिलंय असं समजून वाचा.

आणि एक आधीच सांगतो. आत्ता या क्षणी जीव द्यावासा वाटत असेल तर हे वाचत बसू नका, 14416 ला फोन लावा. टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नाहीतर घरातल्या कुणालातरी सोबत घेऊन जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. खाजगी थेरपीची अपॉइंटमेंट आठवड्याने मिळते, अशा वेळी तिची वाट बघायची नसते.

आधी रक्त तपासा

माझं सुरू झालं ते रात्री अडीचला. छातीत धडधड, हाताला घाम, वाटलं गेलो आता. बायकोने रिक्षा करून हॉस्पिटलला नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. पंधरा दिवसांनी परत तेच, परत नॉर्मल. तिसऱ्यांदा फॅमिली डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, जणू मी ते दुकानातून किलोवर विकत आणत होतो. पण त्यांनी एक काम चांगलं केलं, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन आणि शुगर तपासायला लावली. हे तुम्हीही करा, कारण थायरॉइड कमी असेल तर माणूस सुस्त, उदास होतो आणि जास्त असेल तर धडधडतं, घाबरल्यासारखं होतं, मग तुम्ही सहा महिने बालपणावर बोलत बसाल आणि दुखणं निघेल गळ्यातल्या ग्रंथीचं. माझं बी ट्वेल्व्ह कमी निघालं (शाकाहारी लोकांचं बऱ्याचदा निघतं), इंजेक्शनं घेतली, थकवा गेला, धडधड मात्र तशीच राहिली. मग डॉक्टरच म्हणाले, आता कुणाशीतरी बोल.

पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, आधी एमबीबीएस आणि वर सायकिअॅट्रीतलं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा. गोळ्या लिहून देऊ शकतात, आणि बहुतेकांकडे एवढी गर्दी असते की दहा-पंधरा मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, गोळ्या देत नाहीत, पण त्यांनी एमएच्या पुढे एमफिल किंवा त्याच्या बरोबरीचं ट्रेनिंग केलेलं असतं आणि त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. तो नंबर बिनधास्त मागा, आरसीआयच्या साइटवर तपासता येतो. मागितल्यावर कुणी चिडलं तर तिथेच तुमचं उत्तर मिळालं.

राहिले काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक. यात एमए सायकॉलॉजी करून, वर थेरपीचे कोर्सेस करून, सीनिअरच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले एकदम भारी लोक आहेत (माझी थेरपिस्ट याच गटातली) आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. 2021 मध्ये या सगळ्यांची नोंदणी करायचा एक केंद्रीय कायदा झालाय खरा, पण आज पाटी बघून तुम्हाला काही कळणार नाही. म्हणून विचारायचं. शिक्षण काय, कुठल्या पद्धतीने काम करता, किती वर्षं, आणि तुमचं सुपरव्हिजन चालू आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, कारण चांगले थेरपिस्ट स्वतःच्या केसेस नाव न सांगता सीनिअरकडे नेऊन तपासून घेतात.

लाइफ कोच, एनर्जी हीलर, अवचेतन मनाचे गुरू, हे थेरपिस्ट नाहीत. पुढे तुमची मर्जी.

शोधायचं कुठे? गूगलच्या स्टारवर जाऊ नका, कारण ज्याला बरं वाटलं तो माणूस स्वतःच्या नावाने रिव्ह्यू लिहायला जात नाही. फॅमिली डॉक्टरला विचारा, आधी गेलेल्या मित्राला विचारा. ठाण्याच्या आसपास असाल तर डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था 1990 पासून आहे, बऱ्याच मराठी लोकांना थेरपी हा शब्द तिथूनच माहीत झाला. दारूचा प्रश्न असेल तर साध्या थेरपिस्टकडे वेळ घालवण्यापेक्षा सरळ व्यसनमुक्तीत मुरलेल्या लोकांकडे जा, पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय.

पहिला मेसेज

मी हा मेसेज अकरा दिवस टाइप करून पुसत होतो, खरंच. सुरुवातीला तर पूर्ण निबंध लिहिला होता, शाळेपासूनचा. एवढं काही लागत नाही. "नमस्कार, मला सेशन सुरू करायची आहेत. दोन-तीन महिन्यांपासून रात्री अचानक घाबरायला होतं, तपासण्या नॉर्मल आहेत. संध्याकाळी सातनंतरची वेळ आहे का, फी किती, आणि मराठीत बोलता येईल का?" बस. काहीजण आधी दहा-पंधरा मिनिटांचा फोन करतात, तो बऱ्याचदा फुकट असतो, त्यातच वरचे सगळे प्रश्न उरकून घ्या. आणि दोन दिवस रिप्लाय नाही आला तर मनाला लावून घेऊ नका, त्यांचा फोन दिवसभर सायलेंटवर असतो. दुसऱ्याला मेसेज टाका.

पैशाचं

अकाउंट्सवाला आहे, त्यामुळे इथे जरा थांबणार. पुण्या-मुंबईत एका सेशनचे साधारण हजार ते अडीच-तीन हजार घेतात, लहान शहरात पाचशे-आठशेतही होतं. सेशन असतं 50 मिनिटांचं, तासाचं नाही, वरची दहा मिनिटं त्यांच्या नोंदींसाठी. सुरुवातीला आठवड्याला एकदा बोलावतात. म्हणजे दीड हजार धरले तर महिन्याचे सहा हजार झाले, आणि हे निदान तीन महिने चालणार असं धरून चला, म्हणजे अठरा. हा हिशोब पहिल्या दिवशीच करा, कारण पाचव्या सेशनला पैसे संपले म्हणून सोडणं म्हणजे दाताचं रूट कॅनॉल अर्धं ठेवून घरी येण्यासारखं होतं.

परवडत नसेल तर तसं तोंडाने सांगायचं. "माझं बजेट आठशेपर्यंत आहे, काही करता येईल का" असं विचारणं हा अपमान नाही. बऱ्याच जणांनी दोन-चार जागा कमी फीसाठी राखलेल्या असतात, त्याला ते स्लायडिंग स्केल म्हणतात, फक्त ते पाटीवर लिहीत नाहीत. किंवा आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी या म्हणतात. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घ्या, दोन फ्री, असं कुणी म्हणालं तर पहिल्या दोन-तीन भेटी होईपर्यंत पैसे देऊ नका, आधी पटतंय का ते तर बघू.

कॅन्सल करायचं असेल तर निदान 24 तास आधी कळवावं लागतं, नाहीतर पूर्ण फी लागते. मला हा नियम पहिल्यांदा लूट वाटला होता. मग लक्षात आलं की ऐनवेळी मी गेलो नाही तर तो स्लॉट रिकामाच जातो. (तरी एकदा मुसळधार पावसात सिंहगड रोडला दीड तास अडकलो त्याचेही पैसे गेले, ते अजून डोक्यात आहे. आता असं झालं की मी गाडी बाजूला घेऊन फोनवरच सेशन करतो.)

विम्याचं विचारताय तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपी पडते ओपीडीत, त्यामुळे तुमच्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्या. मोठ्या कंपनीत असाल तर एचआरच्या जुन्या मेलमध्ये ईएपी (एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम) असा शब्द शोधा, त्यात काही सेशन कंपनीच्या खर्चाने मिळतात. नावं एचआरकडे जात नाहीत असं सांगतात, तरी ते लेखी विचारून घ्या.

आणि अगदीच शक्य नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. रांग असते, बाकावर बसावं लागतं, 50 मिनिटं काही मिळत नाहीत, पण तिथे रोज शेकड्याने पेशंट बघणारे डॉक्टर असतात आणि औषधं जवळपास फुकट मिळतात.

बसायचं कुठे

क्लिनिकमध्ये जाणार असाल तर प्रश्न नाही. ऑनलाइन घेणार असाल तर ही आपल्याकडची खरी अडचण आहे, थेरपिस्ट म्हणते शांत, खाजगी जागा निवडा आणि आमचा टू बीएचके, त्यात आई-बाबा, मुलगी, बायको, आणि हॉलमध्ये सात वाजता सिरीयल. पहिलं ऑनलाइन सेशन बेडरूममध्ये घेतलं तर आई दोनदा चहा विचारायला आली आणि तिसऱ्यांदा नुसतीच डोकावली. मी मधेच "हो हो, त्या जीएसटीचं बघतो" असं बोललो, थेरपिस्ट बिचारी गप्प.

नंतर मी पार्किंगमध्ये गाडीत बसायला लागलो. काचा वर, हेडफोन, फोन स्टीअरिंगला टेकवून. वॉचमन काका सुरुवातीला टॉर्च मारून बघायचे, मग त्यांना सांगितलं ऑफिसचा कॉल असतो दर गुरुवारी, आता तेच दुसऱ्यांना बाजूला करतात. कुणी गच्चीत जातं, एक ओळखीची मुलगी ऑफिसची मीटिंग रूम बुक करते, हॉस्टेलवाले मैदानात फेऱ्या मारत बोलतात. चालतं सगळं. फक्त कुणीतरी ऐकतंय या भीतीने अर्ध बोलायचं असेल तर त्यापेक्षा रिक्षाचे दोनशे रुपये घालून क्लिनिकला जाणं बरं, निदान सुरुवातीचे तीन-चार सेशन तरी.

पहिल्या दिवशी काय होतं

मला वाटलं होतं कोच असेल, मी आडवा पडेन, छताकडे बघत बोलेन. प्रत्यक्षात दोन खुर्च्या, एक कुंडी आणि टिश्यू पेपरचा डबा. आधी एक फॉर्म भरायचा असतो, नाव, वय, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा नंबर, चालू औषधं, आणि संमतीची सही. ते संमतीपत्र वाचा, बँकेच्या फॉर्मसारखं शेवटच्या पानावर जाऊन सही ठोकू नका, फी, कॅन्सलेशन, गुप्तता सगळं त्यातच असतं.

मग प्रश्न. आणि ते बरेचसे रटाळ असतात हे कुणी सांगत नाही. झोप कशी आहे, भूक कशी आहे, दारू-सिगारेट, घरात कोण कोण, आजी-आजोबांपासून कुणाला काही त्रास होता का (माझी थेरपिस्ट कागदावर अख्खी वंशावळ काढत होती, एक आत्या राहिली होती ती मी दुसऱ्या सेशनला भरून दिली), त्रास कधी सुरू झाला, त्या सुमारास काय घडलं होतं. काहीजण दोन छोट्या प्रश्नावल्या देतात, पीएचक्यू 9 आणि जीएडी 7. पहिलीत नऊ प्रश्न उदासीबद्दल, दुसरीत सात चिंतेबद्दल, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं ते 0 ते 3 मध्ये सांगायचं. ती परीक्षा नाही, चांगले मार्क पाडायला जाऊ नका. मी पाडले होते. सगळीकडे "काही दिवस" वर टिक केली आणि नंतर बोलताना वीस मिनिटं रडलो, तिने हळूच फॉर्म परत पुढे सरकवला.

एक प्रश्न सरळ येतो, मरावंसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. दचकू नका, सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. खरं उत्तर द्या. असं कधीकधी वाटतं एवढं सांगितल्याने कुणी लगेच उचलून येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेत नाही.

पहिल्या सेशनला उपाय मिळत नाही. मी बाहेर पडलो तेव्हा हातात काही नव्हतं, ना गोळी, ना तक्ता, ना "हे करा ते करू नका". दीड हजार देऊन मी माझीच माहिती सांगून आलो असं वाटलं. हे बहुतेकांना वाटतं, आणि बरेच जण इथेच सोडतात. तीन ते चार सेशन द्या, मग ठरवा.

अजून एक बारीक गोष्ट, तू की तुम्ही? माझी थेरपिस्ट माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल, ती म्हणाली नावाने हाक मारा, आता आपल्याकडे हे जमत नाही. मी मॅडमवर अडून राहिलो. ती मला तुम्ही, मी तिला तुम्ही, आणि मॅडम, असं चालू राहिलं. बाराव्या सेशनला तिनेच विचारलं की तुम्ही घरात कुणाशी अरे-तुरे करून भांडू शकता, त्यावर पूर्ण 50 मिनिटं गेली.

मराठीत बोला हो

हे मला सगळ्यात आतून सांगायचंय. पहिले दोन सेशन मी इंग्लिशमध्ये बोललो. ऑफिसची सवय, आणि हे शब्द सगळे आपण वाचलेलेच इंग्लिशमध्ये असतात, अँग्झायटी, ट्रिगर, बाउंड्री, ट्रॉमा. मी एकदम प्रेझेंटेशन दिल्यासारखं माझं दुःख सादर करत होतो. तिसऱ्या वेळी बाबांबद्दल बोलताना वाक्य अडकलं आणि तोंडातून निघालं, "त्यांच्यासमोर माझा जीव एवढासा होतो." ती म्हणाली, थांबा, हे परत सांगा, एवढासा म्हणजे केवढा? आणि तिथून माझी थेरपी सुरू झाली असं मी मानतो.

आपल्याकडे शब्द आहेत ना. धाकधूक वेगळी, हुरहूर वेगळी, घालमेल वेगळी, तगमग वेगळी, पोटात गोळा येणं वेगळं. सगळ्याला अँग्झायटी म्हटलं की समोरच्याला काहीच दिसत नाही. "नुसतं कसंतरी होतंय" हेसुद्धा चालेल, चांगला थेरपिस्ट त्यातूनच धागा काढतो, शरीरात कुठे होतंय, छातीत की घशात, कधी वाढतं. गावाकडची बोली असेल तर गावाकडचीच बोला. शिव्या आल्या तर येऊ द्या, त्यांनी तुमच्याहून भारी शिव्या ऐकलेल्या असतात. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर निदान तो शब्द मराठीत म्हणा आणि मग समजावून सांगा.

जाताना मोबाइलच्या नोट्समध्ये चार ओळी लिहून न्या हवं तर. वही भरून नको.

कुणाला सांगणार तर नाहीत ना

2017 च्या त्याच कायद्यात गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. तुमची आई फोन करून विचारत बसली तरी तुमच्या परवानगीशिवाय तिला काही सांगायचं नसतं. अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर, कोर्टाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर, कारण 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच सेशनला सांगायचे असतात. नाही सांगितले तर तुम्ही विचारा.

तुमचा थेरपिस्ट आणि तुमच्या मेव्हणीचा थेरपिस्ट एकच नको, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगतो.

मग पुढे काय करतात

पद्धती बऱ्याच आहेत, त्यात डोकं घालू नका फार. माझ्याकडे चाललं ते सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी पद्धत) आणि तिच्याच जातीची आरईबीटी असं मिसळून. आरईबीटी ही अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली पद्धत, आणि मराठी माणसाला ती परकी नाही, मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणून मराठीत कित्येक वर्षं शिकवली. मूळ मुद्दा सोपा आहे, घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो, पण मधे एक विचार बसलेला असतो, आपण त्याच्याकडे बघतच नाही. साहेबांचा मेसेज आला, "कॉल मी". घटना एवढीच. माझ्या डोक्यात, चूक सापडली, मार्चचा ताळेबंद, नोकरी गेली, होम लोन, मुलीची शाळा, सगळं अर्ध्या मिनिटात. आणि छातीत धडधड. साहेबांना हवा होता कॅन्टीनवाल्याचा नंबर.

तर होमवर्क मिळतो. तीन रकाने आखायचे, काय झालं, मनात काय आलं, मग काय झालं. अकाउंट्सवाल्याला रकाने आवडले, मी एक्सेल केली. पण गंमत अशी की तिने माझ्या वाक्यांमधले "च" मोजायला लावले. मला यायलाच पाहिजे होतं. त्यांनी असं बोलायलाच नको होतं. माझ्याकडून चूक होताच कामा नये. एका आठवड्यात एकतीस "च" निघाले. च काढून तेच वाक्य परत म्हणायचं, चूक नाही झाली तर बरं. करून बघा, फुकट आहे.

होमवर्क केला नाही तर ती छडी मारत नाही, पण खोटं सांगू नका. का नाही झाला यातच बऱ्याचदा खरी गोष्ट असते.

सल्ला मागू नका, मिळणार नाही. "मी नोकरी सोडू का" याला उत्तर "सोडली तर काय होईल असं वाटतं" हे येतं, आणि पहिले काही महिने याचा जाम वैताग येतो. मैत्रीही होत नाही. फेसबुकवर रिक्वेस्ट पाठवू नका, व्हॉट्सॲप फक्त वेळ ठरवण्यापुरतं. मी पहिल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो, आपली पद्धतच ती. तिने एक चकली घेतली, थँक्यू म्हणाली, आणि मग पंधरा मिनिटं आम्ही यावर बोललो की डबा नाही नेला असता तर मला काय वाटलं असतं. डबा परत घरी आणला.

सेशननंतर थकवा येतो, डोकं जड होतं, काही वेळा दोन दिवस उलट जास्त वाईट वाटतं, कारण झाकण उघडलेलं असतं. लगेच पुढे मीटिंग ठेवू नका. मी खाली येऊन एक कटिंग चहा घेतो आणि पंधरा मिनिटं कुणाचा फोन उचलत नाही. आणि घरी जाऊन लगेच "आज मला कळलं की तू मला लहानपणी" असं आईला सुनावू नका, निदान एक रात्र जाऊ द्या.

नाही पटलं तर

माझी आत्ताची थेरपिस्ट दुसरी. पहिल्याकडे तीन वेळा गेलो, ते गृहस्थ स्वतःच चाळीस मिनिटं बोलायचे, त्यांच्या मुलाची अमेरिका, ध्यानाचे फायदे, आणि मधे फोन उचलायचे. तिसऱ्या वेळी म्हणाले दुसरं मूल होऊ द्या, मन रमेल. त्यानंतर गेलो नाही आणि तीन महिने वाटत राहिलं की थेरपी आपल्यासाठी नाहीच. चूक होती ती. चप्पल चावली म्हणून अनवाणी फिरत नाही ना आपण.

पण पटलं नाही आणि बोचलं यात फरक करा. थेरपिस्टने एखादा अवघड प्रश्न विचारला म्हणून राग आला असेल तर तो राग तिथेच बोलून दाखवा, "मागच्या वेळचं मला लागलं". चांगला माणूस ते ऐकून घेतो. मात्र गॅरंटी देणारा, देवधर्म किंवा जात काढणारा, अंगलट येणारा, तुमची गोष्ट दुसऱ्या पेशंटला उदाहरण म्हणून सांगणारा, किंवा मुलगा-मुलगी समलिंगी आहे तर "बरं करून देतो" म्हणणारा दिसला की उठा. ते शेवटचं तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. निरोप द्यायला मोठं कारण लागत नाही, "मला पुढे चालू ठेवायचं नाही, धन्यवाद" एवढा मेसेज पुरतो.

गोळ्यांचं

थेरपिस्टने सायकिअॅट्रिस्टला दाखवा म्हटलं तर आपण हाताबाहेर गेलो असं समजू नका. झोपच लागत नसेल, अंथरुणातून उठवत नसेल तर रकाने आखून काय होणार. मला आठ महिने एक गोळी होती. डिप्रेशन-चिंतेच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, सुरुवातीला मळमळतं, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या, लगेच शांत करणाऱ्या ज्या गोळ्या असतात त्यांची मात्र सवय लागू शकते, त्या चिठ्ठीत जेवढ्या दिवसांच्या लिहिल्यात तेवढ्याच. मेडिकलवाल्या मित्राकडून आणू नका.

घरी सांगायचं का

बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईला चार महिन्यांनी सांगितलं तर म्हणाली, "आम्ही काय मेलोय का ऐकायला?" आणि वर दीड हजाराचा हिशोब. मी म्हटलं आई, गुडघ्यासाठी तू फिजिओकडे जातेस ना, मी दाबून दिले असते की. ती काही बोलली नाही, पण गुरुवारी सातला हॉलमधून हाक मारणं बंद झालं. तुम्हाला सांगायचं नसेल तर नका सांगू, योगा क्लास सांगा, कुणाला शपथ दिलेली नाही. लग्न ठरवताना वगैरे प्रश्न वेगळे असतात, ते थेरपिस्टसमोरच ठेवा.

बंद कधी करायचं

ठराविक प्रश्न असेल तर बऱ्याचदा 8 ते 20 सेशनमध्ये काम होतं, जुनी, खोल गोष्ट असेल तर वर्षाच्या वर जातं. दर सहा-आठ सेशनला थांबून विचारा, आपण कुठून निघालो होतो, कुठे आलोय. पीएचक्यू परत भरून घ्या आणि जुन्या फॉर्मशी ताडून बघा. माझं आठवड्याचं पंधरा दिवसांवर आलं, मग महिन्याला एक, आता दोन-तीन महिन्यांनी एकदा जातो. धडधड अजूनही येते, मागच्या महिन्यात आली होती, पण रिक्षा नाही केली, उठून पाणी प्यायलो आणि गॅलरीत बसलो थोडा वेळ.

सोडायचं ठरलं की गायब होऊ नका, शेवटचं एक सेशन मुद्दाम त्यासाठी ठेवा. परत त्रास सुरू झाला तर पहिली लक्षणं कोणती असतील, तेव्हा काय करायचं, हे त्या दिवशी त्यांच्यासोबत बसून लिहून घ्या. माझा तो कागद कपाटात लोनच्या फाइलला लावलाय, बायकोला माहितीये कुठे आहे.